हेरानुशची साक्ष कुठे नोंदवायची?

पूर्व तुर्कस्तानातल्या मादेन या गावात सेहेर नावाची एक आजी होती. चारचौघींसारखी मुसलमान गृहिणी. घरात तिचा शब्द चाले, आणि नातवंडं तिला वचकून असत. १९७० च्या दशकात कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या फेथिये चेतिन या नातीला तिने एकदा बाजूला घेतलं आणि अमेरिकेतल्या आपल्या माणसांचा ठावठिकाणा लावता येईल का, असं विचारलं. नातीला काही उमगेना. या घरातलं अमेरिकेत कोण असणार? मग एकेक गोष्ट बाहेर आली. आजीचं खरं नाव हेरानुश. आईचं इस्कुही, वडिलांचं होवान्नेस. गाव पालूजवळचं हावाव. ती मूळची आर्मेनियन ख्रिस्ती. १९१५ मध्ये तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा वंशसंहार सुरू झाला तेव्हा गावातल्या पुरुषांना वेगळं काढून नेलं, बायकापोरांना रस्त्याला लावलं, आणि चेर्मिकला पोचल्यावर एका हवालदाराने जेमतेम दहा वर्षांच्या हेरानुशला आईच्या हातून हिसकावून नेलं. तेव्हापासून ती सेहेर झाली आणि सेहेर म्हणूनच म्हातारी झाली.

फेथियेने ही हकिगत २००४ मध्ये पुस्तकरूपाने छापली. तुर्कस्तानात तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि नंतर अनेक भाषांत भाषांतरं झाली.

अशा हकिगती आपण ज्या पद्धतीने वाचतो, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. आपण म्हणतो, बिचारीने केवढं मनात दाबून ठेवलं होतं! अखेर मन मोकळं केलं, बरं झालं. डोळे पुसतो आणि पान उलटतो. म्हणजे वंशसंहाराची साक्षीदार बोलायला उभी राहते आणि आपण तिला मानसोपचाराची पेशंट ठरवून मोकळे होतो. तिच्या मौनाला ‘आघात’ म्हटलं की ते तिचं खासगी दुखणं होऊन बसतं. ते मौन कोणी लादलं आणि कशासाठी, हे मग विचारायची गरजच उरत नाही.

माझं म्हणणं असं की हेरानुशचं मौन हा त्या गुन्ह्याचाच एक भाग होता. हत्याकांड १९१५-१६ मध्ये झालं आणि नंतर लोक गप्प बसले, असा हा दोन टप्प्यांचा इतिहास नाही. तिचं नाव बदललं त्या दिवशी जे सुरू झालं, ते ती सेहेर म्हणून जगत होती तोवर चालूच होतं.

यासाठी तेव्हा नेमकं काय घडलं ते पाहावं लागतं. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, संपादक, डॉक्टर अशा दोनशेहून अधिक लोकांची धरपकड झाली. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. मे अखेरीस ऑटोमन सरकारने ‘स्थलांतरा’चा कायदा काढला. तलात पाशा तेव्हा गृहमंत्री होता. पुरुषांना आधीच लष्करी मजूर म्हणून नाहीतर गावाबाहेर नेऊन संपवलेलं होतं. उरलेल्यांचे तांडे सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरच्या दिशेने हाकलले गेले. मृतांचा आकडा सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितला जातो.  आणि याच वाटेवर एक ते दोन लाख बायका आणि मुलं मुसलमान घरांत शिरवली गेली, असा अंदाज आहे. कुणी सून म्हणून, कुणी मोलकरीण म्हणून, कुणी लेक म्हणून. तुर्की बोलीभाषेत यांना ‘तलवारीचे उरलेसुरले’ म्हणतात.

लेबनॉनमध्ये बैरुतजवळ अंतुरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या ख्रिस्ती विद्यालयात जेमाल पाशा या ऑटोमन सेनापतीने अनाथाश्रम उघडला. सुमारे हजारभर मुलं होती, त्यात बहुसंख्य आर्मेनियन. प्रत्येक मुलाला तुर्की नाव मिळालं. आर्मेनियन बोलताना सापडला की मार. काही काळ या आश्रमाची सूत्रं हालिदे एदिब या नामवंत लेखिकेकडे होती. नावं बदलणं आपल्याला पटलं नव्हतं, असं तिने पुढे आठवणींत लिहिलं आहे. तेही खरं असेल. पण नावं बदलली गेली. हीच हालिदे एदिब १९३५ मध्ये भारतात आली, दिल्लीच्या जामिया मिलियात तिची व्याख्यानमाला झाली आणि गांधीजींपासून अनेक मोठी माणसं तिला ऐकायला गेली. नव्या तुर्कस्तानाची स्त्री म्हणून तिचं अपार कौतुक झालं. अंतुराच्या पोरांची आठवण तेव्हा कुणाला होती?

तुर्की सरकारची बाजू वर्षानुवर्षं साधारण एकच आहे. महायुद्ध चालू होतं, आर्मेनियन क्रांतिकारक रशियाला मिळाले होते, पूर्वेकडच्या वान शहरात उठाव झाला होता, म्हणून सुरक्षेसाठी लोकांना हलवावं लागलं. वाटेत रोगराईने आणि लुटारूंनी माणसं मेली, मुसलमानही पुष्कळ मेले. यातला काही भाग खरा आहे. वानला लढाई झाली, रशियन फौजेत आर्मेनियन स्वयंसेवक होते, आणि त्या प्रदेशात मुसलमान गावांवरही अत्याचार झाले. पण रशियाची सरहद्द जिथून शेकडो मैल लांब, त्या पश्चिम अनातोलियातली आर्मेनियन गावंही का रिकामी केली, याचं उत्तर यात नाही. आणि हावावच्या दहा वर्षांच्या मुलीपासून साम्राज्याला कोणता धोका होता, याचं तर नाहीच नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं येतं की त्या मुलीला मारलं कुठे? एका मुसलमान कुटुंबाने तिला वाढवलंच ना? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. हवालदार हुसेन आणि त्याची बायको एस्मा यांना मूलबाळ नव्हतं. हुसेनने या पोरीवर माया केली, हे हेरानुशनेच सांगितलं. मात्र हाच माणूस त्या तांड्यावरचा जंदार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस होता. त्याने तिचा जीव वाचवला आणि त्यानेच तिला आईपासून तोडलं. दोन्ही एकाच हाताने, एकाच दिवशी. या पेचाची सोडवणूक करायला जाऊ नये, तो पेच तसाच मांडावा. कायद्यापुरतं बोलायचं तर १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराच्या दुसऱ्या कलमात वंशसंहाराचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातला पाचवा प्रकार म्हणजे एका समूहाची मुलं बळजबरीने दुसऱ्या समूहात नेणं. या कराराची कल्पना ज्याने उचलून धरली, तो राफाएल लेमकिन हा पोलिश ज्यू वकील आर्मेनियनांचं काय झालं ते वाचूनच या विषयाकडे वळला होता. करार मागच्या घटनांना लागू होतो का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. माझा मुद्दा एवढाच की हेरानुशचं जिवंत राहणं हा वंशसंहाराविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही. ती ज्या रीतीने जिवंत राहिली, तोच त्याचा पुरावा आहे.

आता मौनाकडे येऊ. ते कसं टिकवलं गेलं?

घरात ते लाजेने आणि भीतीने टिकलं. मादेनला काही म्हाताऱ्या वर्षातल्या ठरावीक दिवसांत एकमेकींकडे जात, आणि पाहुणचाराला वेणीसारखा गुंफलेला चोरेक नावाचा पाव काढत. फेथिये लहानपणी आजीबरोबर जाई आणि तो खाई. या सगळ्या बाया मूळच्या आर्मेनियन होत्या आणि तो पाव ईस्टरचा होता, हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं. कुणाच्या नवऱ्याला, मुलाला, सुनेला पत्ता लागू न देता त्या सण साजरा करत होत्या. ज्यांना आपण ‘गप्प बसलेल्या’ म्हणतो, त्या एकमेकींशी कधीच गप्प नव्हत्या. उरलेल्या गावासमोर तोंड उघडण्याची सोय नव्हती, एवढंच.

घराबाहेर मौन टिकवायला सरकार होतं. तुर्की दंडसंहितेत ‘तुर्कत्वाचा अपमान’ हा गुन्हा होता. २००५ मध्ये तो ३०१ व्या कलमात आला; २००८ मध्ये ‘तुर्कत्वा’च्या जागी ‘तुर्की राष्ट्र’ असे शब्द घातले गेले. इस्तंबूलच्या ‘आगोस’ या आर्मेनियन साप्ताहिकाचा संपादक ह्रांत दिंक याला त्याच कलमाखाली दोषी धरलं गेलं. पण त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं ते त्याआधीच, फेब्रुवारी २००४ मध्ये. साबिहा ग्योकचेन ही आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याची मानसकन्या, देशाची पहिली लढाऊ वैमानिक. इस्तंबूलच्या दुसऱ्या विमानतळाला तिचंच नाव आहे. ती मूळची आर्मेनियन अनाथ मुलगी होती, असा तिच्या एका नातलग म्हणवणाऱ्या बाईचा दावा ‘आगोस’ने छापला. लष्कराच्या मुख्यालयाने खास पत्रक काढून त्याचा निषेध केला. वास्तविक या बातमीत कुणाची निंदा नव्हती. एक अनाथ पोर पुढे वैमानिक झाली, यात कमीपणा कसला? तरी लष्कर हादरलं, कारण राष्ट्राच्या लाडक्या लेकीच्या जागी हेरानुश निघाली तर पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत. १९ जानेवारी २००७ रोजी दिंकला ‘आगोस’च्या दारात गोळ्या घातल्या. त्याच्या अंत्ययात्रेत ‘आम्ही सारे आर्मेनियन’ असे फलक घेऊन लाखभर माणसं चालली. दिंकच्या कुटुंबाच्या बाजूने खटला लढणाऱ्या वकिलांत फेथिये चेतिन होती.

आणि मौन धर्माच्या विधीतही होतं. २००० साली आजी वारली. मशिदीच्या अंगणात जनाजा ठेवलेला. इमामाने रिवाजाप्रमाणे मयताच्या आईवडिलांचं नाव विचारलं. घरच्यांनी सांगितलं, वडील हुसेन, आई एस्मा. फेथियेला राहवेना. हे खोटं आहे, आईचं नाव इस्कुही होतं, वडिलांचं होवान्नेस, असं ती भर जनाज्यात ओरडून म्हणाली. नव्वदीच्या घरातल्या बाईचं प्रेत समोर असतानाही नातेवाइकांच्या तोंडी हवालदाराचं नाव येतं. त्यांना दोष देऊ नये. नोंदवहीत तेच होतं.

नोंदवह्यांचीही एक गंमत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तुर्की सरकारने जुन्या लोकसंख्या-नोंदी ऑनलाइन खुल्या केल्या. आपली वंशावळ बघायला एवढी गर्दी उसळली की यंत्रणाच बंद पडली. कुणाची पणजी आर्मेनियन निघाली, कुणाचे आजोबा बाटलेले निघाले. जे आजीने तोंडून सांगितलं असतं तर ‘म्हातारी बरळते’ म्हणून सोडून दिलं असतं, ते सरकारी शिक्क्यानिशी पडद्यावर उमटलं.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर विसंबू नये, हा आक्षेप इतिहासकारांतही ऐकू येतो. आठवणी चुकतात, तारखा सरकतात, ऐकलेलं पाहिलेलं वाटू लागतं. मान्य. म्हणूनच एकट्या आजीवर भिस्त ठेवायची नसते. अमेरिकेत रिचर्ड होवान्निसियन या इतिहासकाराने विद्यार्थ्यांना हाताशी धरून वाचलेल्यांच्या हजाराहून अधिक मुलाखती टेपवर घेतल्या. त्याहून फार आधी, १९२० च्या दशकात, कारेन येप्पे ही डॅनिश बाई आलेप्पोत राष्ट्रसंघाच्या वतीने निवारागृह चालवत होती. बेदुइन या भटक्या अरब टोळ्यांतून आणि घरांतून पळून आलेल्या मुलामुलींची ती नोंद करी. नाव, गाव, आईबाप, कुठे नेलं, काय झालं, असा चार ओळींचा जबाब आणि एक फोटो. काही मुलींच्या कपाळावर आणि हनुवटीवर निळं गोंदण दिसतं. ते टोळीने केलेलं, पुसता न येणारं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींनी तेव्हाच सगळं सांगून ठेवलं होतं. ‘शंभर वर्षांनी मौन तुटलं’ वगैरे मथळे वाचले की म्हणून हसू येतं. मौन तुटलं कधी, यापेक्षा ऐकायला कोण तयार झालं आणि कशासाठी, हा खरा प्रश्न.

ऐकणाऱ्यांचाही भरवसा नसतो. अरोरा मार्दिगानियन ही किशोरवयीन मुलगी हालअपेष्टांतून अमेरिकेला पोचली आणि १९१८ मध्येच तिने आपली कहाणी सांगितली. १९१९ मध्ये तिच्यावर मूकपट निघाला, त्यात तिलाच नायिकेचं काम करायला लावलं. मदतनिधीसाठी गावोगाव कार्यक्रम झाले. ती कोलमडली तेव्हा तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली मंचावर उभ्या केल्या. पैसे जमले, अनाथांना मदतही झाली, आणि मग लोक दुसऱ्या गोष्टींकडे वळले. महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोझान तहात आर्मेनियनांचा उल्लेखसुद्धा आला नाही. अरोरा १९९४ मध्ये लॉस एंजलिसला वारली तेव्हा ती कोण, हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

एप्रिल २०१४ मध्ये तेव्हाचे तुर्की पंतप्रधान एर्दोआन यांनी १९१५ मध्ये मेलेल्या आर्मेनियनांच्या नातवंडांना शोकसंदेश दिला. आधीच्या कुठल्याही तुर्की पंतप्रधानाने एवढंही केलं नव्हतं, हे खरं. पण त्यात कर्त्याचं नावच नाही. माणसं मेली, वाईट झालं. कोणी मारली, का मारली, यावर चकार शब्द नाही. शोक व्यक्त करायला गुन्हा कबूल करावा लागत नाही, म्हणून सत्तेला शोक परवडतो. आजीच्या गोष्टीला नुसत्या आसवांनी दाद देणारे आपण सगळे थोडेफार याच वाटेने जातो.

इतर देशांचं सांगायचं तर १९१५ चा तो वंशसंहारच होता अशी मान्यता देण्यातही सोय बघितली जाते. उरुग्वेने १९६५ मध्ये सुरुवात केली. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा केला, जर्मन संसदेने २०१६ मध्ये ठराव केला. अमेरिकन काँग्रेसला २०१९ मध्ये जाग आली, ती सीरियावरून अंकाऱ्याशी बिनसल्यावर. त्याआधी अनेक वर्षं तोच ठराव ‘मित्रराष्ट्र नाराज होईल’ म्हणून बासनात पडून होता. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मंजूर केला, पण आर्मेनियन वंशसंहाराबाबत अधिकृत शब्द उच्चारलेला नाही. २०१७ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, वंशसंहाराच्या स्मारकावर फुलं वाहून आले, अशा भेटी झाल्या, तेवढंच. अलीकडे आपण आर्मेनियाला पिनाका रॉकेट विकतो, तुर्कस्तान पाकिस्तानची तळी उचलतं, त्यामुळे ‘आता द्या मान्यता, जिरवा त्यांची’ असा सूर समाजमाध्यमांवर ऐकू येतो. मला या सुराची शिसारी येते. मान्यता द्यावी, जरूर द्यावी. पण हेरानुशला काठी बनवून तुर्कस्तानच्या टाळक्यात हाणायची असेल, तर तिला दुसऱ्यांदा वापरल्यासारखं होईल. ज्यांना आपल्याच देशातल्या दंग्यांतल्या साक्षीदारांचं ऐकायचं नसतं, त्यांनी आर्मेनियन आजीसाठी गळा काढू नये.

आपल्याला खरंच काही करायचं असेल तर ते फार जवळ आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कुत-अल-अमाराला ब्रिटिश हिंदी फौज शरण गेली. त्या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसं. आजची जंगी पलटण म्हणजे तेव्हाची १०३ वी. या कैद्यांतल्या अनेकांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. तेच रास-अल-ऐन, जिथे आर्मेनियन तांड्यांच्या छावण्या होत्या आणि जिथे १९१६ मध्ये हजारोंची कत्तल झाली. त्याच कैद्यांत शिशिर सर्वाधिकारी हा बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचा तरुण होता. त्याने पुढे बंगालीत आठवणी छापल्या आणि त्यात आर्मेनियनांचे हाल लिहून ठेवले. म्हणजे या वंशसंहाराचा हिंदी डोळ्यांनी पाहिलेला जबाब उपलब्ध आहे, तो बंगालीत.

मराठी जबाबाचं काय? परत आलेल्या शिपायांना घरी काय विचारलं असेल, याचा अंदाज करता येतो. पगाराची बाकी मिळाली का, पेन्शन बसेल का, कुणाचा पोरगा तिकडेच राहिला. वाळवंटात कुणाची प्रेतं पाहिली, हे विचारणार कोण? त्यातच १९१९ पासून खिलाफतीचं वारं सुरू झालं, तुर्की सुलतानाच्या गादीसाठी देशभर सभा होऊ लागल्या. त्या गडबडीत आर्मेनियनांचं नाव काढणारा शिपाई साहेबाचा बगलबच्चा ठरला असता. शिपाई गप्प बसले. त्यांच्या मौनालाही कारणं होती, आणि तीही काही खासगी नव्हती.

पलटणींची दफ्तरं आहेत, सुटून आलेल्या कैद्यांचे ब्रिटिशांनी घेतलेले जबाब आहेत, सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत पदकं आहेत, कुठे एखादी वही असेल. विद्यापीठांतल्या इतिहास विभागांना दर वर्षी प्रबंधाचे विषय लागतात. ‘कुतच्या मराठा कैद्यांनी काय पाहिलं’ हा विषय कुणी घ्यावा. बंगाली आठवणींचं मराठी भाषांतर कुणी करावं. त्याला फार पैसा लागत नाही आणि परराष्ट्र खात्याची परवानगीही लागत नाही.

फेथियेने काय केलं, ते अशा अभ्यासकाने ध्यानात ठेवावं. आजी बोलायला लागल्यावर तिने नावं विचारली. गावांची, माणसांची, वाटेतल्या मुक्कामांची. वाटेत आजीच्या आजीने दोन नातवंडांना नदीत लोटलं आणि मग स्वतः उडी घेतली, हे ऐकतानाही तिने ‘राहू दे, आजी’ म्हटलं नाही. आजी गेल्यावर तिने ‘आगोस’मध्ये निधनवार्ता दिली. तिच्यात इस्कुही आणि होवान्नेसची लेक, हावावची हेरानुश वारली असं छापलं, आणि तिच्या माणसांचा शोध असल्याचंही सांगितलं. ती वार्ता फिरत फिरत अमेरिकेतल्या गादारियान कुटुंबाच्या हाती पडली. तिथे हेरानुशची एक बहीण हयात होती, मार्गारेट. ताटातुटीनंतर अमेरिकेत जन्मलेली, थोरल्या बहिणीला कधीच न भेटलेली. फेथिये तिला जाऊन भेटली.